साडूंचा कान

नांदेड जिल्ह्यातल्या कुठल्याही बोअरच्या मोटारीनं आपलं दुखणं माझ्या मुदखेडच्या साडूंपासून लपवून दाखवावं! पाइपाला कान लावला की खालचं पाणी, गेलेलं बेअरिंग आणि मालकाचा चिक्कूपणा, तिन्ही त्यांना कळतात. उमरीच्या एका शेतकऱ्यानं फोनवर रडगाणं सुरू केलं, तर "तुम्ही गप बसा, फोन पाइपाला लावा" म्हणाले आणि मुदखेडात बसून दुखणं सांगून मोकळे झाले. घरात मात्र बायकोच्या तीन हाकांतली एकही त्यांना ऐकू जात नाही.

ही बायको म्हणजे आमच्या आक्का. नांदेडला त्यांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि आतडं जे झोपलं, ते चार दिवस उठेना. डॉक्टरांनी पोटावर बटणाएवढं यंत्र चिकटवलं. आतडं हललं, आवाज झाला, की पडद्यावरची रेघ उसळणार. तोवर पाण्याचा घोटही नाही, आणि संध्याकाळपर्यंत आवाज आला नाही तर पोट पुन्हा उघडावं लागेल. रेघ आपली सरळच. साडूंना यंत्राचाच संशय. कुणी नाहीसं बघून त्यांनी बटण काढलं आणि शर्ट वर करून स्वतःच्या पोटाला डकवलं. "मीटर खोटं हाय का ते बघून राहिलो." रेघ अशी थयथय नाचली, की बाहेरच्या टेबलावरच्या पडद्यावर ती बघून सिस्टर ओरडतच आत आली, "आला! आवाज आला!"

आक्कांचे सुकलेले ओठ हसले. "मग अर्धा कप चहा देता का, बाई?"

नाटकं मी पुष्कळ पाहिली, पण शर्ट वर धरून उभ्या माणसाचा असा उतरलेला चेहरा पाहिला नव्हता. "ते माझं पोट हाय गं," साडू म्हणाले.

सिस्टरनं झापत बटण जागेवर लावलं. रेघ आडवी झाली. आक्का नवऱ्याकडेच बघत होत्या.

"चार दिस जेवला न्हाईत?"

साडू शर्ट खाली ओढू लागले. आक्का मला म्हणाल्या, "पाव्हणं, ह्यांना जेवू घालून आणा. माझी आण हाय म्हणावं."

कँटीनमध्ये साडूंनी दीड भाकरी खाली मान घालून संपवली. वर येऊन टाके सांभाळत आक्कांच्या कुशीला कान टेकला.

"काय म्हणतंय?" आक्कांनी विचारलं.

"हलून राहिलंय. लई न्हाई, जरासं."

आक्कांनी पडद्यावरच्या सरळ रेघेकडे बघितलं, नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि होकाराची मान हलवत म्हणाल्या, "हाव."