चुन्याच्या गोण्या

आठ दिवसांपूर्वी आबांची बाग हिरवीगार होती. त्या सकाळी मी बांधावर पाय ठेवला आणि जागीच थिजले. अख्खी बाग करपलेली. कोवळे शेंडे काळे पडून लोंबत होते.

आबा म्हणजे माझे वडील. नाशिकच्या जरा बाहेर त्यांची अर्ध्या एकराची द्राक्षबाग आहे. मी लग्नानंतर शहरात आले, नवऱ्याच्या मार्बल कापायच्या कारखान्यात. फरशी कापताना पाण्याबरोबर पांढरा गाळ निघतो. तो आम्ही वर्षानुवर्षं मागच्या नाल्याकडेला ओतायचो. वाळला की भुकटी उडून शेजाऱ्यांच्या कपड्यांवर, आणि शिव्या मी खायच्या. मग काँक्रीटचे ब्लॉक पाडणारा एक गृहस्थ भेटला. म्हणाला, गाळ वाळवून, चाळून द्या. थोडी वाळू कमी करून ही भुकटी घातली की ब्लॉक भरीव होतात, कडा गुळगुळीत येतात. मी हरखलेच. कचऱ्याचं सोनं केलं म्हणून सगळ्या नातेवाइकांत मिरवून आले.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. कारखान्यात जागा नव्हती, म्हणून एका रंगाऱ्याकडून चुन्याच्या रिकाम्या गोण्या आणल्या, भुकटी त्यांत भरली आणि टेम्पो येईपर्यंत आबांच्या पंपाच्या खोलीत ठेवल्या. आबा बाजारात गेले होते. फोनवर सांगू म्हटलं, आणि साफ विसरले.

छाटणीनंतर डावणी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून आबा मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, आणि चुना पाण्यात कालवून फवारतात. नुसतं मोरचूद पान जाळतं, चुना त्याची धार मारतो. चुना पुरेसा पडला का ते बघायला आबा ड्रममध्ये लोखंडी विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर चढला की चुना कमी. दुकानदार जिवाभावाचा मित्र असला तरी त्याचा चुनासुद्धा विळ्याला दाखवल्याशिवाय त्यांनी कधी फवारला नाही.

"आबा, विळा नाही बुडवला?" मी कसंबसं विचारलं.

"तूच ठिवल्या होत्या ना गोण्या? चुना लिवलेलं हाय त्यावर. म्हटलं, लेकीला आठवण हाय फवारणीची. लेकीनं आणलेलं काय तपासायचं?"

तो चुना नव्हता, दगडाची भुकटी होती, हे मी त्यांना सांगितलं. आबा खाली बसले. एक करपलेलं पान हातात चुरत राहिले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वेली पुढे फुटल्या, पण त्या वर्षी घड लागले नाहीत. उरलेल्या गोण्या टेम्पोतून गेल्या. त्यांचे ब्लॉक आमच्याच कारखान्यापुढे बसवले. उत्तम निघाले. त्यांवरून चालताना माझा जीव अजून चरकतो.

पुढच्या छाटणीला मी स्वतः दुकानातून शिवलेली, कोरी चुन्याची गोणी घेऊन गेले. आबांनी माझ्यासमोर ती उसवली, ड्रममध्ये चुना कालवला. मग खोलीत जाऊन भिंतीवरचा विळा घेऊन आले. माझ्याकडे न बघता त्यांनी तो ड्रममध्ये बुडवला, बराच वेळ धरला.

पातं स्वच्छ निघालं. आबा पंप उचलायला वळले, आणि मी तोंड फिरवून रडले.