कसालच्या खानावळीचे धुराडे

तुम्ही जिथे जेवता, त्या हॉटेलाचे धुराडे आतून कधी पाहिले आहे? काल जळक्या तेलाचा वास आला आणि कसालची मावशीची खानावळ आठवली. बांगडे तळून तळून तिच्या धुराड्यात तेलकट काजळी बोटभर साचली होती.

"खरवडून काढ गो, आग लागतली," बाबा म्हणाले.

"भाऊजी, काळा धुराडा म्हणजे चलता हॉटेल. जत्रा होवंदे, मगे बघूया," मावशी हसली.

जत्रेच्याच दुपारी कढईतली ज्वाळा वर चढली, काजळी पेटली आणि छप्पर कोसळले. माणसे वाचली, खानावळ पुन्हा उभी राहिली नाही. गावाने त्याला देवीचा कोप म्हटले. मी त्याला न खरवडलेली काजळी म्हणतो.

हॉटेल चालवत असाल, तर जत्रेच्या आदल्या दिवशी चूल विझवा आणि धुराडे खरवडा.