इतकी म्हणजे किती?

शेवंता मावशीवर अन्याय झाला तो बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, गिरणीचा सकाळी सातचा भोंगा वाजत असताना. वळलेल्या विड्यांची पाटी डोक्यावर घेऊन ती रस्त्याच्या कडेनं कारखान्याकडे निघाली होती. बार्शीकडून आलेला ट्रक तिच्या अंगावर आला. ड्रायव्हर रात्रभर प्यायलेला होता. मावशीचं खुब्यातलं हाड मोडलं, आणि कायद्यानं त्या माणसाला दारूच्या आरोपातून मोकळं सोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला हसू येईल, आणि हसणारी माणसं मूळ मुद्दा विसरतात हा माझा अनुभव आहे.

मावशीच्या यजमानांइतका 'अंदाजे' या शब्दाचा वैरी केमपासून अक्कलकोटपर्यंत अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. काका गिरणीत कापड तपासतात. घडीचं पितळी भिंग कापडावर ठेवून इंचात किती धागे बसले ते मोजायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. भिंग सुट्टीच्या दिवशीही खिशात असतं. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी नवरदेवाच्या उपरण्याचे धागे मोजले आणि व्याह्यांना सगळ्यांदेखत सांगितलं, "दुकानदारानं फसिवलं तुमाला. इंचामागं आठ कमी हायती." पाऊस आला म्हटलं की ते विचारणार, "किती?" भूक लागली म्हटलं की, "किती? दीड भाकरीची का दोनची?" मावशी एकदा चिडून म्हणाली, "अवो, माझा जीव हाय तुमच्यावर!" काकांनी तोंड उघडलं मात्र, तिनं लाटणं उचललं. मी पत्रकं वाटते, सभा घेते, म्हणून मला ते 'पुढारीण' म्हणतात. माझ्या पत्रकात 'हजारो लोक' असं असलं की तांबड्या पेन्सिलीनं खाली लिहितात : कुणी मोजले?

अशा माणसाला कोर्टात काय ऐकावं लागलं पाहा. ड्रायव्हरला तपासणाऱ्या डॉक्टरनं लिहिलं होतं, तोंडाला वास आहे, पण चाल सरळ आहे. त्याला खडूच्या रेघेवरून चालवलं होतं आणि तो चालला होता. त्याचे वकील म्हणाले, गाडीवर ताबा ठेवता येणार नाही इतकी दारू अंगात असेल तरच गुन्हा, असं मोटारीचा कायदा सांगतो. काका मागच्या बाकावरून उठले. "इतकी म्हंजे किती?" न्यायाधीशांनी बसा म्हटलं. काका बसले आणि बसल्याबसल्या पुन्हा म्हणाले, "न्हाय पर, किती?" शिपायानं त्यांना बाहेर आणलं. व्हरांड्यात ते मला म्हणाले, "पुढारीण, चादरीला इंचात धागे किती ते ठरलंय, आन् मानसाच्या रगतात दारू किती ते ठरलं न्हाय?"

मी पेटलेच. कायद्यात आकडा घाला, अशी मोहीम आमच्या वाचनालयातून सुरू केली. ऐकायला कुणी येईना. तेव्हा काकांनीच प्रयोग सुचवला. सुपारीचं खांडही कधी तोंडात न टाकलेला हा माणूस म्हणाला, "मी पितो. मोजून पितो. मग रेघेवरनं चालतो. लोकास्नी दिसू दे काय हुतं ते." मावशीनं कुबडी जमिनीवर आपटली. "आता म्हातारपणी हे धंदे!" पण प्रयोगाच्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या अंगणात पहिली खुर्ची तिनंच धरली. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर ब्रँडी आणि मापाचा पेला घेऊन बसले. मी तर पाचशे पत्रकं आधीच छापून ठेवली होती : प्यायलेला माणूस सरळ चालू शकत नाही, हा घ्या पुरावा!

काका प्यायले. तोंड असं केलं की पहिल्या रांगेतली दोन पोरं हसून खाली पडली. पुन्हा प्यायले. मग उठले आणि अंगणात आखलेल्या खडूच्या रेघेवरून असे चालले, जणू ताणलेल्या सुतावरून. परत आले, तेही सरळ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "काका, चला की माळशिरसला, गाडी तुमीच हाका!" माझ्या पाचशे पत्रकांकडे बघून मला रडू येत होतं.

तेवढ्यात मावशी म्हणाली, "त्यास्नी भिंग द्या."

सकाळी शुद्धीत असताना काकांनी चादरीच्या एका तुकड्याचे धागे मोजून चिठ्ठीवर लिहिले होते आणि ती मावशीच्या चंचीत ठेवली होती. आता त्यांनी तोच तुकडा मांडीवर घेतला, भिंग ठेवलं. हात जरासुद्धा कापला नाही. "बावन्न," ते म्हणाले. मी चिठ्ठी उघडली. छप्पन्न. "पुन्यांदा मोजा," मावशी म्हणाली. काकांनी पुन्हा मोजले आणि छाती काढून म्हणाले, "बावन्न! चिठ्ठीच चुकली. लिहा, पैज हाय आपली!"

कुणीच हसलं नाही. तीस वर्षांत त्यांचा एक धागा चुकला नव्हता. पाय सरळ होते, आवाज खणखणीत होता, आणि चार धागे दिसत नव्हते. मावशीसुद्धा त्या ड्रायव्हरला अशीच दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तो तुकडा खिडकीच्या उजेडात मोजला. छप्पन्न. भिंगाची घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मला वाटत हुतं, त्यानं जाणूनबुजून केलं. त्यालाबी वाटलं असंल, आपून बराबर हाय. पुढारीण, पिलेल्या मानसाला इचारून कळत न्हाय. चालवून बी कळत न्हाय. रगातच बघाय पायजे." त्यानंतर त्या ड्रायव्हरला त्यांनी शिवी दिलेली मी ऐकली नाही.

माझी पाचशे पत्रकं फुकट गेली. मागची बाजू कोरी होती, ती काकांनी घेतली. मावशी हल्ली रोज संध्याकाळी कुबडी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाते, काका दोन पावलं मागं असतात, ओठ हलत असतात. परत आल्यावर पत्रकाच्या मागं आकडा लिहितात. पूर्वी तेवढ्याच वाटेला तिला एकशे चाळीस पावलं लागायची, आता तीनशेच्या वर लागतात. तिनं परवा विचारलं, "कशाला मोजता वो?" काकांनी त्या दिवसाचा आकडा लिहिला आणि तिच्या हातची कुबडी घेऊन भिंतीला लावून ठेवली.

तर वाचणाऱ्यांनो, हळहळ नको. हळहळ किती, ते मोजता येत नाही. आज एक पोस्टकार्ड घ्या, आपल्या खासदाराचा पत्ता घाला, आणि विचारा : ड्रायव्हरच्या रक्तात दारू किती चालेल? आकडा सांगा. उत्तर 'अंदाजे' आलं, तर दुसरं कार्ड टाका.