आमच्या साडूंची गाऱ्हाणी

तक्रार करण्यात काय सुख असतं, ते आमच्या साडूंइतकं अख्ख्या कोल्हापुरात कुणाला कळलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एका फौंड्रीत कामाला होते. महागाई वाढली की इतरांची तोंडं उतरतात, साडूंच्या तोंडावर तेज चढतं. दूध महागलं की सकाळी न बोलावता आमच्याकडे येणार, दोन कप चहा पिणार आणि दूध कसं परवडत नाही ते सांगणार. नळाचं पाणी, गटार, लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा, त्यांच्या तावडीतून काहीच सुटत नाही. आवाज असा, की राजारामपुरीच्या पाचव्या गल्लीत बोलले तर सातव्या गल्लीतल्या माणसानं खिडकी उघडून बघावं.

पण राग टिकवणं त्यांना कधी जमलं नाही. एकदा मिसळीचा रस्सा पातळ लागला म्हणून त्यांनी भरल्या हॉटेलात मालकाला बोलावलं. "पावणं, ह्यो रस्सा हाय का हात धुवायचं पाणी?" मालक शेजारी बसला आणि तेल, कांदा, गॅस यांचे भाव सांगू लागला. ऐकता ऐकता साडूंचेच डोळे भरून आले. तसेच उठले, मला गाडीवर मागं बसवलं आणि गॅसच्या एजन्सीत जाऊन मालकाच्या वतीनं भांडू लागले. तिथल्या कारकुनानं स्वतःचा पगार थकल्याचं सांगितलं, तेव्हा ते त्याची बाजू घेऊन त्याच्या साहेबाच्या केबिनमध्ये शिरले. साहेब जागेवर नव्हता, म्हणून आम्ही निदान रात्रीच्या जेवणाला घरी पोचलो.

मग मंदी त्यांच्याच फौंड्रीत आली. कामं आटली, एक पाळी बंद झाली आणि साडू घरी बसले. त्याच आठवड्यात माझ्या मेहुणीचा, आक्कांचा फोन आला. "भावजी, चार दिस झालं, ह्यांनी कशालाच नावं ठेवली न्हाईत. मला भ्या वाटाय लागलंय."

मी आणि बायको गेलो. आक्कांनी मुद्दाम वांग्याच्या भाजीत मीठ घातलं नव्हतं. सगळे साडूंच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांनी ताट पुसून खाल्लं आणि हळूच म्हणाले, "चांगली झालीया." आक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्यांना पुन्हा उभं केलं ते एका बसनं. ज्या बसनं ते कामावर जायचे, ती सकाळची बस तोट्यात चालते म्हणून बंद झाली. तिच्यातनं पापड-लोणच्याच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका त्यांच्या दारात आल्या. "दादा, आमचं तेवढं सांगा की. निम्मी मजुरी रिक्षालाच जाती."

साडू उठून आत गेले. मग आक्कांना म्हणाले, "माझा इस्त्रीचा शर्ट काढ."

बस डेपोतल्या तक्रारींच्या बैठकीत तिथला साहेब म्हणाला, "ती बस रिकामी धावत होती." साडू उठले. "रिकामी? सायेब, उभा जन्म मी त्याच बसनं उभ्यानंच कामावर गेलोय. खिडकीतनं भाईर काय दिसतंय, ते मला अजून ठावं न्हाई." बायका हसल्या, मग साहेबही हसला. ड्रायव्हर कमी आहेत, अशी त्यानं स्वतःचीच अडचण सांगितली, तर साडू त्याच्यासाठी वरच्या ऑफिसात जायला निघाले. महिनाभरात बस सुरू झाली.

साडूंना पुढं घराजवळच एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं, चालत जाण्याजोगं. तरी सकाळी ते थांब्यावर जाऊन उभे राहतात. परवा मीही सोबत होतो. बायका चढल्या. कंडक्टर म्हणाला, "चला की मामा, खिडकीची जागा हाय."

साडूंनी दाराच्या दांडीवर हात ठेवला, जरा थांबले आणि हात काढून घेतला. "जावा तुमी."

बस वळून दिसेनाशी होईपर्यंत ते बघत राहिले. मग मला म्हणाले, "पाच मिनिटं उशिरा सुटली बघा." इतकं हळू बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलंय.