आमटीत पडलेला कॉम्प्युटर

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर आमटीत पडला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सोलापुरात तेव्हा कॉम्प्युटर हा शब्द फारसा कुणी ऐकला नव्हता. ज्यांनी ऐकला होता त्यांना तो खोलीएवढा असतो, इतकंच ठाऊक होतं. (आमच्याकडे खोल्या दोनच होत्या. तसला आला असता तर आम्हाला ओट्यावर राहावं लागलं असतं.) आमचा मात्र तळहातावर मावायचा. कुवेतला नोकरीला असलेल्या आतेभावानं तो माझ्यासाठी आणला होता. बटणं दाबली की काळ्या काचेत लाल इंग्रजी आकडे पेटायचे. "ह्याला कॅल्क्युलेटर म्हणतात," असं त्यानं मला चारदा बजावलं. पण मी बी.कॉम. होतो, सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून होतो आणि सव्वीस वर्षांचा होतो. मी दुसऱ्याच दिवशी गल्लीभर सांगितलं, "आमच्याकडे कॉम्प्युटर आलाय!"

दर्शनाला रांग लागली. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, त्यातलं चिमूटभर कुंकू पाचाच्या बटणात गेलं आणि पाच कायमचा कुरकुरायला लागला. शेजारच्या नरसम्माकाकूंच्या घरात चार माग चालायचे. त्या पदराला हात पुसत आल्या नि म्हणाल्या, "आमचे मालक संध्याकाळी कुठं जातात, हे सांगतंय काय बघा की." ते सांगत नाही म्हटल्यावर त्यांना त्याचा उपयोगच कळेना.

मंद्रूपहून आईचे भाऊ, ज्ञानबामामा, मुद्दाम एस.टी.नं आले.

"सुऱ्या, ह्येला इचार की, माजी म्हस कवा इल?"

"मामा, हे फक्त आकडे सांगतं."

"मग आकडाच सांग म्हन! मी काय गोष्ट सांग म्हन्तोय व्हय?"

समोर अर्धी गल्ली उभी होती. अब्रूचा प्रश्न होता! मी डोळे मिटून दोन-चार बटणं दाबली. तेवीस आले. मामांनी मान डोलावली आणि गावी गेले. आणि तेविसाव्या दिवशी म्हैस व्याली हो! मामा खरवसाचा डबा घेऊन परत आले आणि पहिली वाटी त्यांनी कॉम्प्युटरपुढं ठेवली. (मी दुसरी खाल्ली.)

घरात एकच नास्तिक उरला, माझे वडील. आप्पा गिरणीत तीस वर्षं जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम, होते. वहीला हात न लावता तोंडी हिशेब करायचे. एके दिवशी जेवताना मी त्यांना आव्हान दिलं.

"आप्पा, सतरा गुणिले तेवीस?"

"तीनशे एक्क्याण्णव," आप्पा घास चावत म्हणाले.

मी अजून गुणिलेचं बटण शोधत होतो. घाईत बोट सटकलं, हात सटकला आणि कॉम्प्युटर सरळ आप्पांच्या आमटीत!

आप्पांनी ताटात डोकावून पाहिलं. "असू दे. शिजू दे उत्तर जरा."

आईनं तो पुसला आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी तीन दिवस वाळत घातला. सोलापूरचं ऊन आहे ते! चौथ्या दिवशी बटण दाबलं, तर पेटला की! फक्त आकडे जरा बोडके दिसत होते. प्रत्येकाची वरची आडवी रेघ गेली होती, टोपी काढून ठेवल्यासारखी. शून्य तर पार उघडा पडला होता, पेल्यासारखा. मी म्हटलं, उन्हाचे दिवस आहेत, मशीनलाही उकडत असेल.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं लग्न निघालं. मुलाकडचे मोहोळकडचे, घरंदाज शेतकरी. आप्पांनी बजावून ठेवलं होतं, "एक वेळ मांडव लहान चालंल, पण पंगतीत पान कमी पडता कामा नये." आचारी म्हणून अक्कलकोटचा मल्लप्पा ठरला. त्यानं एकच विचारलं, "जेवायला किती? आकडा पक्का बोला बघा. नंतर वाढवलं तर माझ्याकडं नाही."

आप्पा यादी घेऊन बसले. ते घरागणिक माणसं वाचत गेले, मी बटणांवर नजर ठेवून दाबत गेलो. यादी संपली तशी आप्पा म्हणाले, "नऊशे सत्तेचाळीस."

मी काचेत पाहिलं. "चारशे एक्केचाळीस."

आप्पांनी चष्मा काढला. "परत कर."

परत केलं. चारशे एक्केचाळीस! "बघा, दोन्ही वेळा तेच. माणूस चुकतो आप्पा, मशीन चुकत नाही."

आप्पांनी खडू घेऊन फरशीवर बेरीज मांडली. नऊशे सत्तेचाळीस. तेव्हा मी, त्यांच्या पोटच्या पोरानं, सगळ्यांदेखत म्हटलं, "आप्पा, आता तुमचं वय झालं."

ज्ञानबामामांनी वरून जोर लावला, "दाजी, त्यानं म्हशीचं बराबर सांगितलंय. मान्सांचं काय घिऊन बसलाय!"

आप्पांनी फरशी ओल्या फडक्यानं पुसली. "तुझ्या मशीनप्रमाणं होऊ दे," एवढंच म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. सकाळी चपला घालायच्या आधी दोन्ही मोजून बघायचे. आईला विचारायचे, "मला मुलं दोनच ना गं?" मी मात्र खुशीत मल्लप्पाला आकडा कळवून आलो.

लग्न दुपारचं. अक्षता पडल्या, सप्तपदी झाली, पंगती बसल्या. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. तिसरीला नवरदेवाचे वडील, चुलते, मानकरी पाटांवर बसले, पत्रावळी मांडल्या आणि मल्लप्पा रिकामी कढई हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"यप्पा! संपलं बघा. बुंदी नाही, भात नाही, आमटी नाही."

"संपलं कसं? बाहेर एवढी माणसं आहेत!"

"चारशे एक्केचाळीस बोललं की तुम्ही! मी मोजून वाढलोय."

आता कुठल्याही शहाण्या माणसानं काय केलं असतं? धावपळ केली असती, हात जोडले असते. मी खिशातून कॉम्प्युटर काढला! मांडवाच्या मधोमध उभा राहिलो आणि पाचशे भुकेल्या माणसांना समजावून सांगायला लागलो, "मंडळी, जरा ऐका. जेवणारे एकूण चारशे एक्केचाळीस. तेवढे जेवून उठले. तेव्हा हिशेबाप्रमाणं आता मांडवात कुणीच नाहीये."

मामांचा आवाज आला, "मग ह्ये बसल्यात ते कोन हायत? भुतं?"

नवरदेवाचे चुलते पाटावरून उठले. फेटा सारखा करत म्हणाले, "आमी हाय का न्हाय, ते आदी ठरवा. न्हायतर आमी जातो की गावाकडं!"

आप्पांनी मांडवाचा खांब धरला. आई रडायला लागली. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली शालन तरातरा आली आणि तिनं माझ्या हातातून मशीन हिसकावलं.

"दादा, बघ. मी सात दाबलं. काय आलं?"

एक!

"नऊ दाबलं. काय आलं?"

चार!

टोपी गेलेला सात म्हणजे एक आणि टोपी गेलेला नऊ म्हणजे चार, हे मी महिनाभर मशीन छातीशी धरून हिंडलो तरी मला दिसलं नव्हतं. नव्या नवरीला अर्ध्या मिनिटात दिसलं. मामा तर दचकलेच. "आरं द्येवा! मंजी सप्तपदी बी येकच झाली का काय?" भटजींनी घाबरून पोथी उघडली.

आणि आप्पा? आप्पांचा चेहरा उजळला हो! दारात पाचशे माणसं उपाशी, व्याही निघालेले, आणि हा माणूस खांब सोडून ताठ उभा राहिला. "म्हणजे माझं बरोबर होतं! नऊशे सत्तेचाळीसच!" त्यांनी व्याह्यांचा हात धरला. "पाव्हणं, अर्धा तास द्या. ह्या दारातनं कुणी उपाशी जाणार न्हाय."

पुढचा अर्धा तास गल्लीनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. नरसम्माकाकूंनी माग थांबवले, घरातल्या सगळ्या बायांना चुलीला लावलं आणि घमेल्यानं चिंचेचा भात आणला. घराघरांतून पिठलं रटरटायला लागलं. मामा टांगा घेऊन बाजारात गेले आणि मिळेल तेवढ्या कडक भाकरी नि शेंगाची चटणी घेऊन आले. मला आप्पांनी पाणी वाढायला ठेवलं. तेही तांब्या मोजू न देता!

नवरदेवाच्या चुलत्यांनी कडक भाकरी कुडुमकुडुम मोडली, चटणीवर तेल ओतून घेतलं आणि तिसऱ्यांदा पिठलं मागितलं. "बुंदी काय, कुटंबी मिळती. ह्ये झ्याक हाय!" ते बाहेर ऐकू गेलं. त्यावर पहिल्या पंगतीतले लोक मांडवाच्या दाराशी येऊन भांडायला लागले, "आमाला का न्हाय दिलं पिठलं?" त्यांना परत बसवावं लागलं. शेवटी किती पानं उठली ते कुणालाच सांगता येईना. आप्पांनाही नाही.

संध्याकाळी शालन सासरी निघाली. डोळे पुसून झाल्यावर मी आप्पांजवळ जाऊन उभा राहिलो.

"आप्पा, चुकलो."

"किती वेळा?" आप्पांनी विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "असू दे. तू नको सांगूस."

कचेरीत बातमी माझ्या आधी पोचली होती. साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकजण मला विचारायचा, "काय हो, आपली कचेरी सात रस्त्याला ना? की एक रस्त्याला?" मंद्रूपच्या बाजारात तर माझं नावच गेलं. तिथं मी आजही 'चारशे एक्केचाळीस' आहे.

दोन वर्षांनी माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. बातमी पोचलेली असल्यामुळं स्थळं येत, चहा पीत आणि जात. शेवटी एका मुलीच्या वडिलांनी मामांना बाजूला घेऊन खरं काय ते विचारलं. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जी हमी दिली, तिच्यावरच माझं लग्न जमलं.

"पोरगं सोन्यावानी हाय, पाव्हणं. आन् आता आकड्यांच्या जवळ बी जात न्हाय."