बोट ठेवायला जागा

जव्हार संस्थानच्या कचेरीत मी साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेत असे. सागाच्या चोरट्या तोडीच्या एका खटल्यात दाभोशाकडचा एक म्हातारा साक्षीला आला. त्याचं नाव मीच कागदावर लिहिलं होतं. ते विसरलो, पण त्याचं बोट विसरलो नाही. पाहिलेलं सांगताना तो डोळ्याखाली बोट ठेवी, ऐकलेलं सांगताना कानाच्या पाळीला लावी. मला वाटलं, खोड असेल.

त्याच्या पाहिलेल्या-ऐकलेल्या सगळ्याच गोष्टींपुढे मी 'माहीत आहे' असं लिहिलं होतं. जबानी वाचून दाखवली आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली, तर त्याने मूठच मिटली.

"माहीत आहे, माहीत आहे, असा किती लिवलास रं?" डोंगरातली माणसं साहेबाशीही एकेरीच बोलतात. "झाड पडलेला मी पाहला. त्यानं पाडला, ता आयकला. दोनी एक कसा?"

माझ्या त्या 'माहीत आहे'वर आरोपी तुरुंगात गेला असता, हे मला सुचलंही नाही. मला फक्त पुन्हा लिहायचा कंटाळा आला होता. चरफडत लिहिलं. अंगठा उठवून तो निघाला, तेव्हा मी हळूच विचारलं, "पण तुला काय वाटतं? त्यानेच तोडलं ना?"

त्याचं बोट डोळ्याकडे गेलं, कानाकडे गेलं आणि खाली आलं.

"वाटतां, त्याला बोट ठेवाया जागा नाय."

आरोपी सुटला. चोर तोच होता, हे कचेरीत आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं. आता हे वाक्य लिहिताना मी बोट उचललं आहे, आणि ते अजून हवेतच आहे.