नलूचं दोनवार

प्रणालीला रिकामं बसलेलं कुणी खपत नाही. माणूस असो, मांजर असो, की इंटरनेटची लाइन असो. दिघीच्या मच्छीमार सोसायटीत ती कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिने लिलावाच्या शेडमधल्या राउटरला चिकटलेल्या दोन वायरी बघितल्या आणि चेअरमन दत्तात्रेयांना विचारलं, "काका, ही दुसरी लाइन कशाला?"

"पहिली पडली तर असावी म्हणून."

"आणि पहिली पडेपर्यंत ती काय करते?"

दत्तात्रेयांनी जरा विचार केला. "बसते," ते म्हणाले.

झालं! घरात दोन सुना असताना एकीनेच घागरी वाहायच्या आणि दुसरीने ओट्यावर बसून बघायचं, हा कारभार प्रणालीच्या राज्यात चालणार नव्हता.

ही प्रणाली दिघीचीच. बाप बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आई नलू जेट्टीवर लिलाव पुकारणारी. पोरीने डिप्लोमा केला, नवी मुंबईत एका कंपनीत नेटवर्क सांभाळण्याची नोकरी धरली, एसीत बसून स्वेटर घालायची सवय लावून घेतली. आणि एक दिवस सगळं सोडून परत आली. लोक म्हणाले, लग्नाचं काही बिनसलं असेल. बिनसलं काही नव्हतं. सोसायटीने लिलाव ऑनलाइन करायचं ठरवलं होतं, आणि ते काम बाहेरचा कुणी येऊन करणार हे तिला सहन होईना, इतकंच. हट्टीपणा तिला नलूकडून मिळालाय आणि तो नलूकडेही शिल्लक आहेच.

लिलाव ऑनलाइन का, तर परेशशेठमुळे. परेशशेठ माणूस गोड. बोलायला लागला की गुजराती ढंगात "बेन, बेन" करत गूळ सांडत जातो. पण वर्षानुवर्षं जेट्टीवर मोठं गिऱ्हाईक तो एकटाच, म्हणून भाव तो म्हणेल तो. मासळी थांबत नाही, बर्फ थांबत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. पुण्याच्या, नाशिकच्या व्यापाऱ्यांनी घरबसल्या बोली लावली तरच हा फास सुटणार होता. त्यांच्यापर्यंत शेडमधलं चित्र आणि नलूचा आवाज पोचवायचा, त्यांची बोली शेडमधल्या कर्ण्यावर आणायची, आणि हे सगळं नवी मुंबईतल्या सर्व्हरमार्गे. एक लाइन बोर्ली पंचतनवरून खांबाखांबाने येणारी फायबर. दुसरी खाडीपलीकडून, आगरदांड्याच्या बाजूने, हवेतून डिशवर येणारी. दोन्हींवर व्हीपीएनचं एकेक टनेल, म्हणजे इंटरनेटच्या गर्दीतून सोसायटीपुरता काढलेला बंद रस्ता.

फायबर एकटी असली की चार व्यापारी जास्त जोडले जाताच चित्र गोठायचं. सुरमई हवेत, क्रेट हवेत, नलूचं तोंड उघडं ते उघडंच. वैतागून व्यापारी निघून जायचे. म्हणून प्रणालीने राउटरला सांगितलं, बाबा रे, दोन्ही टनेल तुला सारखीच. मोठी-धाकटी करू नको. एक पाकीट इकडून सोड, एक तिकडून. इंटरनेटवरचं सगळं बोलणं अशा बारीक बारीक पाकिटांतूनच जातं. वाटणी अगदी चोख झाली. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही लाइनींच्या रहदारीच्या रेषा बरोबरीने वर चढताना बघून तिने स्वतःलाच शाबासकी दिली.

ती शाबासकी दुपारपर्यंत टिकली नाही.

नलूची पुकारायची एक तऱ्हा आहे. "एऽऽकवार" ती खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असं लांबवते. "तीऽऽनवार" त्याहून लांब. आणि मधलं "दोनवार" मात्र सुपारी गिळल्यासारखं झटकन. जेट्टीवरच्या माणसाला ते नेमकं कळतं. तेवढ्याच फटीत शेवटची बोली घुसवायची असते. त्या दिवशी सुरमईचा एक झकास वाटा निघाला. पुण्याची मृणाल, जी हॉटेलांना मासळी पुरवते, ती बोली वाढवायला टपून बसली होती. तिच्या कानावर "एऽऽकवार" आलं, मग थेट "तीऽऽनवार". माल परेशशेठला गेला.

कर्ण्यातून मृणालचा आवाज फाटला. "दोनवार कुठंय? हा कुठला लिलाव? तुमच्या बाईंनी दोनवार म्हटलंच नाही! समोर बसलेल्या शेठला माल द्यायचाच होता तर आम्हाला कशाला बोलावता?"

परेशशेठ गालात हसला आणि म्हणाला, "जवा दो ने, बेन. जाऊ द्या. नलूताई आपली माणूस आहे."

हे 'आपली माणूस' नलूला जे लागलं, तसं आजवरची कुठलीच शिवी लागली नसेल. नाशिकवाल्यानेही सांगितलं, मलापण दोनवार ऐकू आलं नाही. संध्याकाळच्या आत जेट्टीभर झालं, नलूने दोनवार खाल्लं. जिने मागे एकदा परेशशेठच्या तोंडावर त्याची बोली नाकारली होती, तीच म्हणे त्याला मिळाली.

दत्तात्रेय बिचारे कचाट्यात सापडले. "नलूबाय, शुक्रवारी मोठ्या बोटी हंगामातल्या पहिल्या फेरीवरून परत येतील. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला पुकारू दे. वातावरण निवळलं की बघू."

"व्हय, ठेवा दुसरा," नलू म्हणाली. "पन एक ध्यानात ठेवा. मी दोनवार बोललेय. समुद्राला पाठ करून बोललेय, तोंड लोकांकडं करून."

घरी आल्यावर प्रणालीने नको ते केलं. भात वाढता वाढता विचारलं, "आये, तू खरंच बोललीस ना?"

नलू ताटावरून उठली. प्रणालीला स्वतःच्या जिभेची इतकी लाज वाटली, की समोरची कालवणाची वाटी तिने तशीच झाकून ठेवली. आईच्या नावाला लागलेला डाग आता पुसायचा, आणि तो शुक्रवारीच, आईच्याच तोंडून पुसायचा, हे तिने तिथंच ठरवलं. शुक्रवारी दुसऱ्या कुणी पुकारलं असतं तर नलू पुन्हा कधीच लिलावाच्या फळीवर उभी राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेड रिकामी होती. प्रणालीने मृणालला फोन करून विनवलं, पाच मिनिटं नुसतं ऐका. मग आईला ओढत आणलं. "काय पुकारू, माती?" नलू फणफणली. शेवटी तिने रिकामा क्रेट समोर ठेवला आणि लिलाव सुरू केला. बर्फ फोडणारा निकेश बोली लावत होता. रिकाम्या क्रेटला असा भाव कोकणात कधी आला नसेल.

डिशची लाइन बंद करून ऐकवलं. मृणाल म्हणाली, "दोनवार आलं." लाइन चालू केली. "नाही आलं." पुन्हा बंद, आलं. पुन्हा चालू, नाही.

प्रणालीने कपाळावर हात मारला. चूक चोख वाटणीतच होती. डिशवरची पाकिटं फायबरपेक्षा अंमळ मागून पोचत होती, आणि बोलणं पुढे सरकलं की पलीकडचा संगणक मागून आलेलं पाकीट सरळ फेकून देतो. नलूच्या आवाजाला असे जागोजाग खड्डे पडत होते. लांबवलेली 'एकवार' आणि 'तीनवार' खड्डे पडूनही ओळखू येत. इवलंसं 'दोनवार' अख्खंच्या अख्खं खड्ड्यात जाई.

"म्हंजे तुज्या वायरीनं खाल्लं!" नलू गरजली.

"माझ्या वायरीनं नाही गं, मी खाल्लं," प्रणाली म्हणाली.

नलूला थोडं हळू 'दोनवार' म्हणायला सांगा, असं तेवढ्यात येऊन पोचलेल्या दत्तात्रेयांनी सुचवून पाहिलं. मायलेकींनी त्यांच्याकडे एकाच वेळी असं पाहिलं, की ते बर्फाचा हिशेब बघायला निघून गेले. आवाज नलूचा आहे. वाकायचं असेल तर राउटर वाकेल.

इलाज प्रणालीला माहीत होता. पाकीट-पाकीट वाटायचं नाही, संभाषण-संभाषण वाटायचं. मृणालचं बोलणं एकदा फायबरवर चढलं की शेवटपर्यंत फायबरवरच, नाशिकचं डिशवर तर डिशवरच. जेट्टीवर एका बोटीच्या मासळीच्या पाट्या एकाच बाईच्या मागे रांगेने जातात, तसं. तिने ते करून टाकलं, आणि पडद्याकडे बघते तर काय! फायबर फुगून लाल, डिशवर चिटपाखरू नाही. दुसरी सून परत ओट्यावर!

या वेळी ती चिडली नाही, हसली. राउटर वाटणी करताना फक्त घराचा पत्ता बघत होता. सगळे व्यापारी नवी मुंबईच्या एकाच सर्व्हरमार्गे येणारे, म्हणजे घर एकच. म्हणून सगळ्यांना एकाच रस्त्याला घालत होता. त्याला घराबरोबर दारही बघायला लावलं पाहिजे. प्रत्येक व्यापाऱ्याचं संभाषण सर्व्हरच्या वेगळ्या दाराने, म्हणजे पोर्टने, येतं. तिने शेडमध्ये तसं बसवलं, नवी मुंबईच्या टोकालाही बसवलं, आणि मग सगळ्या व्यापाऱ्यांना एकदम जोडून बघितलं. दोन्ही रेषा उठल्या. तंतोतंत सारख्या नव्हत्या, थोडं इकडे थोडं तिकडे. पण चित्र वाहतं आणि आवाज अखंड.

सोसायटीच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं, चूक माझी होती, आईची नाही. शुक्रवारी आई पुकारेल, आणि एकाही व्यापाऱ्याला दोनवार ऐकू आलं नाही तर मी नवी मुंबईची वाट धरते. दत्तात्रेयांनी मान डोलावली. परेशशेठ म्हणाला, "सारू, जोईए. बघूया."

शुक्रवारी बोटी लागल्या. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पापलेट, रावस, हलवा, एकामागून एक क्रेट उठत होते. कर्ण्यातून कधी पुणं, कधी नाशिक बोलत होतं. मग सोन्याच्या भावाने जाणारी घोळ मासळी आली, चांगली माणसाच्या लांबीची, आणि गर्दी पुढे सरकली. ह्या एका माशासाठी अख्खी जेट्टी श्वास धरून बसते. बोली चढत चढत परेशशेठवर येऊन थांबली.

नलू फळीवर उभी राहिली. प्रणाली पडद्याकडे बघायचं विसरली. ती आईच्या ओठांकडे बघत होती.

"एऽऽकवार!"

परेशशेठने पानाची पिंक टाकायला तोंड वळवलं.

"दोनवार." झटकन. सुपारी गिळल्यासारखं.

"वाढवते!" कर्ण्यातून मृणाल ओरडली. "पुण्याची बोली घ्या, मावशी! वाढवते!"

परेशशेठची पिंक कुठं पडली देव जाणे. त्याने वाढवलं, तिने वाढवलं, मध्येच नाशिकने तोंड घातलं. नलू दर वेळी तितक्याच झटकन दोनवार म्हणत गेली, आणि दर वेळी त्या फटीतून बाहेरगावची बोली आत घुसत गेली. शेवटी परेशशेठने हात जोडले. "तीऽऽनवार!" घोळ पुण्याला गेली.

आरडाओरड, शिट्ट्या! निकेशने बर्फाची टोपली डोक्यावर धरून नाच केला. त्या गोंगाटात नलूने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कर्ण्याकडे तोंड केलं.

"ओ पुण्याच्या बाय, दोनवार आलं ना तिकडं?"

"आलं, मावशी. स्पष्ट आलं. त्या दिवशी बोलले ते मागे घेते, सगळ्यांसमोर."

"नाशिक?"

"आलं!"

नलूने शेडभर नजर फिरवली. परेशशेठवर ती जरा जास्त वेळ थांबली. मग तिने टेबलामागे रडत आणि हसत उभ्या असलेल्या पोरीकडे बोट केलं. "ही माजी प्रणाली," ती म्हणाली. सगळ्या दिघीला जी पाळण्यापासून ठाऊक होती तिची तिने अशी ओळख करून दिली, आणि पुढच्या क्रेटला हात घातला.